कागदावरचे अर्थिंग

आमचे गाव हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात. घर रमाई आवास योजनेतले, २६९ चौरस फुटांचे, आणि राहणारी माणसे पाच. थोरली मुलगी बारावीला गेली तेव्हा तिला अभ्यासाला जागा हवी म्हणून आम्ही मागच्या बाजूला पत्र्याची एक खोली काढली. गवंड्याचे पैसे देता देता हात रिकामा झाला. विजेचे काम गल्लीतल्या एका पोराने तासाभरात उरकले. जुन्या बोर्डातून वायर ओढली, पत्र्याखालून नेली. एक बल्ब, एक पंखा, एक प्लग. प्लगला अर्थिंगची वायर जोडलीच नव्हती. आम्ही विचारलेही नाही.

मे महिन्यात आमच्याकडे कूलरशिवाय दुपार निघत नाही. लोखंडी कूलर त्याच प्लगला लावला. एके दुपारी आई अनवाणी पायांनी कूलरमध्ये पाणी टाकायला गेली आणि त्याच्या पत्र्यालाच चिकटली. मुलीने आजीला हात न लावता आधी धावत जाऊन मेन स्विच बंद केला, म्हणून आज आई आमच्यात आहे. तळहातावरचा डाग मात्र गेला नाही.

दुसऱ्या दिवशी हिंगोलीहून परवानाधारक वायरमन आणला. "एमसीबी तर होती," असे आम्ही म्हणालो. तो म्हणाला, "साहेब, एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही." हिशोब साधा आहे. सोळा अँपिअरची एमसीबी त्याहून जास्त प्रवाह झाल्यावर पडते. माणसाचा जीव जायला त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी प्रवाह पुरतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. गेलेला प्रवाह परत आला नाही, कुठेतरी गळला, की ती क्षणात वीज तोडते.

त्याने जुनी वायर काढली. पत्र्याच्या धारेने ती एका जागी सोलली होती. नवी तांब्याची वायर पाइपातून नेली. बटण न्यूट्रलवर होते, ते फेजवर घेतले. अंगणात खड्डा खणून कोळसा-मीठ घालून अर्थिंग केले, आणि उन्हाळ्यात तिथे पाणी घालत जा म्हणून आईला सांगितले. शेवटी मेगर लावून तपासणी केली.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा विनियमही हेच सांगतात. बल्ब, पंखा, फ्यूज बदलणे वेगळे. पण वायरिंगमध्ये वाढ किंवा बदल करायचा तर तो परवानाधारक ठेकेदाराकडूनच. भार वाढत असेल तर तो मंजूरही करून घ्यावा लागतो.

आता मनातली गोष्ट. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते, आणि विजेचे धोरण त्यांच्याच खात्याकडे होते. त्यांच्या नावाने १४ एप्रिल २०२१ पासून 'जीवन प्रकाश' योजना आली. अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना ५०० रुपये अनामतीवर वीजजोडणी, तीही पाच हप्त्यांत. आम्ही कार्यकर्ते म्हणून वस्तीतले अर्ज भरले. अर्जाला परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडायचा होता. तो आम्ही सही-शिक्क्यासह आणून दिला. घर कोणी पाहिले नव्हते. आम्ही बी.कॉम. झालेले, नोकरीने कारकून. व्हाउचर जोडले की खर्च खरा मानायची सवय. माणसांना लवकर उजेड मिळावा, एवढेच डोळ्यांपुढे होते.

आईच्या अपघातानंतर आम्ही त्या घरी पुन्हा गेलो, वायरमनला घेऊन. कुठे अर्थिंग नाही, कुठे नुसता चिकटपट्टीचा जोड. जमेल तिथे वर्गणी काढून दुरुस्ती चालू आहे; सगळी घरे अजून झालेली नाहीत. एका म्हाताऱ्या मावशींना आम्ही सांगितले, "मावशी, तुमची वायरिंग धोक्याची आहे."

त्या म्हणाल्या, "भाऊ, कागद तं तुम्हीच आणून देलता की!"

आम्हाला उत्तर सुचले नाही. वाचक बंधू-भगिनींनो, खोली वाढवाल तेव्हा सिमेंट-पत्र्याच्या हिशोबातच अर्थिंगचा खर्च धरा. आणि आमच्यासारखे जे कार्यकर्ते अर्ज भरून देतात, त्यांनी सही आणण्याआधी एकदा घरात जाऊन बोर्ड पाहावा.

जयभीम.