कुणाचं रं पोरगं तू?

2009 च्या मे महिन्यात आम्ही डोंबिवलीचं भाड्याचं घर सोडून कोल्हापुरात आलो. नवऱ्याला शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत नोकरी मिळाली होती. मुलगा तेव्हा बालवाडीत, मुलगी नुकती धरून धरून चालायला लागलेली. माझं सगळं माहेर डोंबिवलीत. मुलांच्या शिक्षणाचं काय, हा प्रश्न जो तो विचारत होता. मुंबईच्या आसपास राहिलं की मुलांना चार गोष्टी बघायला मिळतात, असं माझा भाऊ म्हणाला, आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. डोंबिवलीत चांगल्या शाळा होत्या, वाचनालयं होती, दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जमणारी गर्दी होती. माझं स्वतःचं लहानपण तिथं आनंदात गेलं. पण मी लहान असताना वडील ठाण्यात नोकरीला होते, संध्याकाळी घरी असायचे. माझ्या नवऱ्याची नोकरी दादरच्या पुढे होती. सकाळी सातच्या आतली लोकल आणि रात्री मुलगा झोपल्यावर घरी. रविवारी मुलगा बापाशी आधी जरा लाजायचा आणि मग खेळायला लागायचा.

कोल्हापुरात आल्यावर पहिला बदल झाला तो हा. नवरा सहाला घरी. चहा घेऊन दोन्ही पोरांना स्कूटरवर पुढे-मागे बसवून रंकाळ्यावर. तिथं भाजलेलं कणीस, नाहीतर भेळ, शालिनी पॅलेसच्या बाजूने मावळतीचं ऊन, आणि आठाच्या आत घरी जेवण. यात विशेष काय, असं कोल्हापूरकरांना वाटतं. ज्यांनी लोकलच्या दारात उभं राहून वर्षं काढलीत त्यांना मी काय म्हणते ते कळेल. कुठलंही शहर मुलंबाळं वाढवायला कसं आहे, असं मला कुणी विचारलं तर मी आधी हेच विचारते, की घरातली माणसं एकमेकांना जागेपणी किती वेळ भेटतात. शाळांची चौकशी त्यानंतर.

घर मंगळवार पेठेत मिळालं. जुनी गल्ली, दारं थेट रस्त्यावर उघडणारी, पायऱ्यांवर संध्याकाळी माणसं बसलेली. पहिले काही महिने मला त्या पायऱ्यांची धास्ती वाटायची. येता-जाता चौकशी. काय भाजी आणली, पाहुणे कुठले आलेत, नवरा आज उशिरा कसा. फ्लॅटचं दार लावून राहायची सवय असलेल्या बाईला हे जड जातं. आणि मग एके दिवशी मुलगा गायब झाला. मी मुलीला झोपवत होते, तो चप्पल न घालता बाहेर पडला होता. मी गल्लीभर हाका मारत हिंडले. अर्ध्या तासाने एक पांढऱ्या मिशांचे आजोबा त्याचा हात धरून दारात. हा खासबागेपाशी कुस्तीचं मैदान बघत उभा होता. त्यांनी विचारलं, "कुणाचं रं पोरगं तू?" तर याने छाती काढून सांगितलं, "आम्ही डोंबिवलीचे." तेवढ्यावरून आजोबांनी घर शोधलं. पेठेत डोंबिवलीचं कुटुंब एकच होतं, आणि ते कुठल्या गल्लीत राहायला आलंय हे कोपऱ्यावरच्या पानवाल्याला ठाऊक होतं. त्या दिवशी मला पायऱ्यांवर बसणाऱ्या माणसांचा अर्थ लागला.

"कुणाचं रं पोरगं तू?" हा प्रश्न कोल्हापुरात लहान मुलाला कुणीही विचारतं. दुकानदार विचारतो, रिक्षावाला विचारतो, देवळात शेजारी बसलेली म्हातारी विचारते. तो विचारला गेला की मूल त्या माणसाच्या हिशेबात येतं. मग रस्ता ओलांडताना कुणीतरी हात धरतं, शाळा बुडवून फिरताना दिसलं तर कुणीतरी कान धरतं, आणि दोन्ही बातम्या संध्याकाळपर्यंत घरी पोचतात. मुलगा चौथीत असल्यापासून एकटा शाळेत जायला लागला. पाचवी-सहावीत सायकल आली आणि मग त्याचं कोल्हापूर माझ्या कोल्हापूरपेक्षा मोठं झालं. मिरजकर तिकटी, भवानी मंडप, बिंदू चौक, गंगावेशीचा दूध कट्टा. तिथं म्हैस समोर पिळून फेसाळ दूध पेल्यात देतात. ते पिऊन ओठावर पांढरी मिशी घेऊन घरी यायचा. कुठं जातो हे मला माहीत असायचं, सोबत कोण आहे हे विचारायची गरज वाटायची नाही.

त्याला फुटबॉलचा नाद लागला तोही गल्लीतूनच. कोल्हापूरला कुस्तीचं गाव म्हणतात, पण पेठांमधल्या पोरांच्या अंगात फुटबॉल आहे. पाटाकडील, बालगोपाल, खंडोबा, दिलबहार, ही नावं तालमींची, आणि याच तालमींचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर उतरतात. सामन्याच्या दिवशी पेठ रिकामी होते. कधी हुल्लड होते, दगड पडतात, सामना थांबतो. त्या दिवशी मी काळजीने दारात उभी असायची, आणि गल्लीतली थोरली पोरं याला मध्ये घेऊन परत आणायची. माझा मुलगा काही मोठा खेळाडू झाला नाही. पण सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनी दहा वर्षांच्या पोराला सांभाळायचं असतं, ही गोष्ट तो तिथं शिकला आणि पुढे स्वतः तसा वागला. क्लास लावून ही शिकवण मिळत नाही. या सगळ्याला आम्हाला पैसेही जवळजवळ लागले नाहीत, आणि ज्या घरात एकच पगार येतो तिथं याला फार किंमत असते.

राहायला लागल्यावर या शहराचा इतिहास आपोआप कानावर पडतो, कारण तो रस्त्यातच उभा आहे. खासबागेचं मैदान शाहू महाराजांनी 1912 मध्ये बांधून घेतलं. त्याला लागून असलेलं केशवराव भोसले नाट्यगृह 1915 चं. 1917 मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि जे आई-बाप मुलाला शाळेत धाडणार नाहीत त्यांना महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्याआधी 1901 पासून एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगं निघत गेली. खेड्यातला गरीब मुलगा शिकायला आला तर त्याने राहायचं कुठं, या प्रश्नाला ते उत्तर होतं. दसरा चौकातून जाताना त्यातल्या काही इमारती आजही दिसतात. चंदगड, आजरा, भुदरगडकडची मुलं अजूनही शिकायला इथंच येतात आणि गल्लोगल्ली खोल्या घेऊन राहतात. माझ्या दारात आलेले ते आजोबाही लहानपणी बोर्डिंगात राहून शिकलेले होते, हे मला नंतर कळलं. दुसऱ्याचं मूल ही गावाची जबाबदारी आहे, असं या शहराने शंभर वर्षांपूर्वी ठरवलं आणि त्यासाठी इमारती बांधल्या, मैदानं ठेवली. पायऱ्यांवरची आपुलकी नुसत्या स्वभावातून येत नाही. तिला जागा लागते, आणि जागा कुणीतरी राखून ठेवावी लागते.

मुलीची गोष्ट वेगळी आहे आणि ती सांगितल्याशिवाय हे लिहिणं प्रामाणिक होणार नाही.

तालीम पोरांची. सामन्याला पोरं. रात्री कट्ट्यावर पोरं. ती लहान असताना भावामागे सगळीकडे गेली. आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेला गल्लीतल्या बायकांबरोबर नव्या पाण्याची घागर घेऊन टेंबलाईच्या टेकडीवर वाजत-गाजत चढली, आणि घागर सांडली नाही म्हणून आठवडाभर मिरवली. पण ती तेरा वर्षांची झाली आणि तिला विचारले जाणारे प्रश्न बदलले. कुणाची गं तू, हे आता कुणी विचारत नव्हतं, ते सगळ्यांना माहीत होतं. आता प्रश्न होते, एवढ्या उशिरा कुठून आलीस, तो सायकलवाला कोण, हे असले कपडे घालून कुठं निघालीस. ज्या डोळ्यांच्या भरवशावर मी मुलाला मोकळं सोडलं होतं, तेच डोळे मुलीच्या मागे लागले. एक दिवस ती रडत घरी आली आणि म्हणाली, मला डोंबिवलीला आजीकडे शिकायला जायचंय, तिथं मला कुणी ओळखत नाही.

मी समोरच्या आक्कांकडे गेले. गल्लीतल्या सगळ्यांत वयस्कर त्याच, आणि बातमी त्यांच्या पायरीवरूनच फिरायची. मी म्हटलं, आक्का, पोरगं उशिरा आलं तर तुम्ही त्याला जेवलास का विचारता. पोरीलाही तेवढंच विचारा. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "काळजीनंच बोलतो की गं आम्ही." मी म्हटलं, मला ठाऊक आहे, पण तिला ती काळजी टोचते. आक्का रागावल्या असं मला वाटलं. दोन-तीन दिवसांनी त्यांनीच मुलीला हाक मारून शेंगदाण्याची चटणी दिली आणि शिवाजी पेठेत लाठीकाठी शिकवणाऱ्या वस्तादांचं नाव सांगितलं. त्यांची नात तिथं जायची.

मर्दानी खेळांचे आखाडे कोल्हापुरात जुने, आणि अलीकडे त्यात मुलीही बऱ्याच असतात. वस्ताद फी घेत नव्हते. वेळेवर या आणि शस्त्राला पाय लावू नका, एवढ्याच त्यांच्या अटी. लाठी, मग दांडपट्टा. शिवजयंतीच्या मिरवणुकीत ती नऊवारी नेसून पट्टा फिरवत पुढे आली तेव्हा पेठेतल्या बायका कठड्यावर चढून बघत होत्या. त्यानंतर रात्री आठला सरावाहून परतणाऱ्या माझ्या मुलीला गल्लीत कुणी काही विचारलं नाही. सगळ्या मुलींना अशी वाट सापडत नाही. अजूनही मला वाटतं की या शहराने पोरांसाठी जेवढी मैदानं राखली त्याच्या निम्मी जरी पोरींसाठी राखली असती, तर माझ्या मुलीला आपली जागा मिळवायला हातात पट्टा घ्यावा लागला नसता.

2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही राजाराम बंधाऱ्यापाशी नदीची पातळी तोंडपाठ असते, 39 फूट इशारा, 43 फूट धोका. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. मंगळवार पेठ उंचावर, आम्ही कोरडे राहिलो. पण शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा, नदीकडची सगळी वस्ती पाण्यात. शिरोलीपाशी महामार्ग बुडाला, म्हणून नवरा घरीच. पाणी उपसायची केंद्रं बुडाल्यामुळे, बाहेर एवढं पाणी असून नळ कोरडे, टँकरपुढे रांगा. आमच्या गल्लीत मंडळाच्या मांडवात चुली पेटल्या आणि घरोघरी चपात्या लाटायला घेतल्या. माझा मुलगा नववीत होता. तो मोठ्या पोरांबरोबर अन्नाची पाकिटं घेऊन शाळांमधल्या पूरग्रस्तांकडे जायचा, मुलगी चपात्या मोजून कागदात बांधायची. त्यांना कुणी सेवाभावाचा धडा दिला नव्हता. सगळे जे करत होते ते त्यांनी केलं.

या शहरात ज्याने जीव तुटतो असंही पुष्कळ आहे. रंकाळ्यात सांडपाणी येतं, केंदाळ माजतं, काढलं की पुन्हा येतं. केएमटीच्या बसची वाट बघत शाळकरी पोरं ताटकळतात. आणि सगळ्यांत मोठं दुखणं म्हणजे इथं वाढलेल्या मुलांना इथं काम नाही. बारावी झाली की पेठेतली निम्मी पोरं पुण्याची वाट धरतात. माझा मुलगाही इंजिनिअरिंगला पुण्यात गेला आणि तिथंच नोकरी बघतो आहे. पण त्याचा जीव अजून इथंच आहे. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. आमच्या घरातून ज्वाळा दिसत होत्या. त्याच रंगमंचावर त्याने तिसरीत बालनाट्यात झाडाचं काम केलं होतं. मध्यरात्री त्याचा पुण्याहून फोन आला. "आई, सगळं गेलं का गं?" एवढंच विचारून तो रडायला लागला. नाट्यगृहाबाहेर रस्त्यावर मोठी माणसं तशीच रडत उभी होती. नाट्यगृह पुन्हा उभं करायचं काम पुढे सुरू झालं. मुलांना परत आणायचं काम मात्र कुणी हाती घेतलेलं मला दिसत नाही. ज्या शहराने त्यांना एवढं दिलं, त्याने त्यांना पोट भरायलाही जागा द्यायला हवी.

म्हणून 18 ऑगस्ट 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं तेव्हा मला आनंद झाला. त्यासाठी इथल्या वकिलांनी कित्येक वर्षं आंदोलनं केली होती. आता कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामं इथं चालतात. मुलगी आता बारावीत आहे. तिचा भाऊ तिला पुण्याला ये म्हणतो. ती म्हणते, मी लॉ करणार आणि इथंच प्रॅक्टिस करणार, हायकोर्ट सायकलच्या अंतरावर आलंय. बापाला वाटतं, आधी मोठ्या शहरात चार वर्षं काढावीत. रोज जेवताना या दोघांची यावर खडाजंगी चालू आहे, आणि समोरच्या आक्कांनी तिच्या बाजूने कौल दिलेला आहे.