गुडविलच्या रकान्यात काय लिहायचं?

चि. बाळास,


कराराचा मसुदा मिळाला. दोनदा वाचला. दोघे भागीदार पेढी विसर्जित करून भांडी बाजारातलं चालतं दुकान तुला देताहेत, याचा आनंद आहेच. माल, काटे, कपाटं यांच्या किमती पटल्या. अडले ती 'गुडविल'च्या, म्हणजे दुकानाच्या नावलौकिकाच्या किमतीच्या, ओळीपाशी. तीन वर्षांच्या सरासरी नफ्याची दुप्पट धरून तू आकडा काढलास. रीत बरोबर आहे; बारावीच्या मुलांना मीच ती वर्षानुवर्षं शिकवली. पण एवढे पैसे मोजून तुझ्या हाती काय पडणार, ते नीट बघ.

1932 च्या भागीदारी कायद्यात गुडविल ही पेढीची मालमत्ता मानली आहे. मात्र कलम 55 प्रमाणे, ती विकल्यावरही जुना भागीदार तुझ्या शेजारीच तोच धंदा काढू शकतो. जुनं नाव त्याला लावता येत नाही, जुन्या गिऱ्हाइकांकडे जाऊन त्यांना ओढता येत नाही, एवढंच. तेव्हा ठरावीक मुदतीत आणि ठरावीक परिसरात ते तोच धंदा काढणार नाहीत, असं कलम करारात लिहून घे. भागीदार त्याने बांधले जातील. गिऱ्हाइकाला मात्र कोणतंच कलम बांधत नाही.

मग गिऱ्हाईक कशाने बांधलं जातं? तू सकाळी पांडवलेणी चढतोस ना? यापुढे दहाव्या लेण्यापाशी थोडा थांबत जा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख तिथे आहे, सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा. त्याने भिक्खूसंघासाठी 3000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, ठेवले, आणि ठेवले कुठे, तर गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यवसायसंघांकडे. एका श्रेणीकडे 2000, दरमहा शेकडा 1 व्याजाने. दुसरीकडे 1000, पाऊण टक्क्याने. मुद्दल परत करायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या रकमेचं वर्षाचं व्याज 240 होतं, आणि पावसाळ्यात तिथे वर्षावासाला राहणाऱ्या 20 भिक्खूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे होते. हिशेब चोख जुळतो! हे सगळं निगमसभेत ऐकवून नोंदवलं होतं.

राजघराण्यातल्या माणसाने कायमची ठेव माग चालवणाऱ्यांच्या हवाली केली. त्या विणकरांकडे जे होतं, त्यालाच मी गुडविल म्हणते. लोकांनी आपल्याकडे विश्वासाने ठेवलेलं ते मुद्दल असतं. त्याच्या व्याजावर पेढी पिढ्यान् पिढ्या जगते. मुद्दल आपल्या मालकीचं कधीच होत नाही.

आता तुझ्या दुकानाकडे ये. कोणी आजी जुनी पितळी परात मोडीत द्यायला आणतात. मोडीचा भाव काय, घट किती धरायची, घडणावळ किती लावायची, यातलं त्यांना फारसं कळत नाही. तुला सगळं कळतं. अशा वेळी परात हातात घेऊन, कडेवर बोट टेकवून, "आजी, एवढा जाड पत्रा आता मिळत नाही. मोडीत नका देऊ, कल्हई करून घ्या," असं सांगणारा दुकानदार त्या दिवसाची विक्री घालवतो. नातीच्या लग्नाची भांडी घ्यायला मात्र ते घर त्याच्याच पायऱ्या चढतं. समोरच्याचं अज्ञान आपल्या फायद्याचं असताना आपण कसे वागतो, यावरच पत ठरते, हे माझं पक्कं मत आहे. घरीदारी, शेजारी आणि नात्यातही हाच नियम. उसनं नेलेलं पातेलं घासून वेळेवर परत करणाऱ्याला शेजारीण दुसऱ्यांदा 'नाही' म्हणत नाही.

माझी एक विनंती ऐक. पावत्यांची वही मागून घे. ज्यांनी इसार दिला आहे, ज्यांची भांडी कल्हईला किंवा नाव घालायला आली आहेत, ज्या कारागिरांची मजुरी थकली आहे, त्या सगळ्यांची यादी दोन्ही भागीदारांसमोर बसून कर. त्यांचं देणं कोणी भागवायचं हे करारात लिहा. पण गिऱ्हाइकाला "ते जुन्या मालकांना विचारा" असं एकदाही ऐकवू नकोस. ती यादी झाल्याशिवाय सही करू नकोस.

तुझी,
आत्या