निळी पडलेली धार

आईची विळी मी धार लावायला घेतली तेव्हा मला फिटरकाम करून एकवीस वर्षं झाली होती. त्यामुळे ही चूक अजाणतेपणी झाली असं मला म्हणता येत नाही.

विळी तिच्या सासूची. पातं साध्या पोलादाचं, जरा ओलं राहिलं की गंज धरणारं, टोकाला नारळाची खवणी. दर पंधरवड्याला आई कुरुंदाचा दगड पाण्यात भिजवायची आणि विळीपुढे बसून तो पात्यावरून सावकाश फिरवायची. पुढे तिची बोटं आखडायला लागली. तिने ते काम मला सांगितलं, दगडही हातात दिला. मी तो फळीवर ठेवला आणि पातं पाटातून काढून ग्राइंडरवर नेलं.

ग्राइंडरचं चाक मिनिटाला २,८०० च्या आसपास फेरे घेतं. मी पातं टेकवलं, ठिणग्या उडाल्या. दुसऱ्यांदा टेकवलं तेव्हा धारेच्या कडेवर वाळल्या गवतासारखा पिवळा रंग आला, लगोलग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. तीन-चार सेकंदांत सगळं झालं. कारखान्यात आम्ही लेथची हत्यारं घासायचो ती हायस्पीड स्टीलची. ती निळी पडली तरी कडकपणा सोडत नाहीत. हात त्यांनाच सरावला होता. साधं पोलाद ३०० अंशांच्या सुमारास निळं पडतं, आणि तिथवर तापलं की त्याचं पाणी उतरतं. शिकाऊ मुलांना हे मीच शिकवत होतो.

त्यानंतर जे केलं त्याची मला जास्त लाज वाटते. पॉलिश पेपर घेऊन मी तो निळा रंग घासून काढला. पातं लखलखीत करून पाटावर बसवलं.

त्या दिवशी विळीने कागद सरळ कापला. आई खूश झाली. चौथ्या दिवशी टोमॅटोची साल दबू लागली, चिरली जाईना. मी पुन्हा धार काढली, ती पुन्हा गेली. तिने विचारलं तेव्हा, ‘लोखंड जुनं झालंय गं,’ असं सांगितलं. पुढचे चार महिने ती त्याच पात्यावर रोजची भाजी चिरत होती. आधीपेक्षा जास्त जोर लावत होती, हे मला दिसत होतं.

एका दुपारी तिने लाल भोपळा घेतला. बोथट पातं सालीत शिरलं नाही, भोपळा घसरला आणि जोर लावलेला हात पात्यावर गेला. डाव्या तळव्याला पाच टाके पडले.

दुसऱ्या दिवशी मी पातं लोहाराकडे नेलं. त्याने धारेवर कानस ओढली. कडक पात्यावरून ती घसरायला हवी होती. इथे तिने लोखंड धरलं. ‘पाणी गेलंय,’ तो म्हणाला. मग हाताने फिरवायच्या चाकावर, दर दोन घासांनंतर पाण्यात बुडवत, त्याने पात्याचा सूतभर भाग घासून काढला. त्याच्या आत पोलाद शाबूत होतं. अर्धी सकाळ गेली. माझी सगळी घाई काही मिनिटं वाचवण्यासाठी होती.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं, पॉलिश पेपरचंही. ती रागावली नाही. म्हणाली, ‘आधी सांगितलं असतंस तर मी भोपळा तुझ्याकडून फोडून घेतला असता.’ त्यावर मला काही बोलता आलं नाही.

आता फळीवरचा दगड मी रविवारी सकाळी पाण्यात टाकतो. बुडबुडे थांबले की बसतो. दगड पात्याशी तिरका धरून एकाच कलाने फिरवायचा, हीच यातली खरी मेहनत. कल बदलला की धार गोल होते. एका बाजूने पुरेसं घासलं की दुसऱ्या बाजूला बोटाला खरखर लागते, केसाएवढी बारीक. ती लागल्याशिवाय बाजू बदलायची नाही, आणि शेवटी अगदी हलक्या हाताने ती खरखर उतरवायची. वीस मिनिटं लागतात. आई शेजारी बसून नुसता आवाज ऐकते आणि कल चुकला की ‘उभा धरलास,’ एवढंच म्हणते.