आमची नवी व्हॅन

मंडळाच्या कार्यक्रमाला आमची नवी व्हॅन पाहून बऱ्याच जणांनी विचारले, "विजेची घेतलीत का?" नाही, हायब्रिड घेतली. पार्किंग लॉटमध्ये प्रत्येकाला वेगळे सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकावे म्हटले.

घरात चर्चा वर्षभर चालली होती. मुलीचे म्हणणे सरळ होते, गॅस जाळायचाच नाही. एक गॅलन जळला की जवळजवळ ९ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे तिनेच आम्हाला ऐकवले. पण आमची गाडी उघड्यावर उभी असते, तिथे चार्जर नाही. शिवाय इलिनॉयची थंडी! विजेच्या गाडीत इंजिनाची फुकटची ऊब नाही, हीटरही बॅटरीवरच चालतो, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत पल्ला बराच घटतो. आजी-आजोबा, तबला-पेटी आणि मसालेभाताचे पातेले घेऊन निघाल्यावर वाटेत चार्जर शोधायची आमची तयारी नव्हती. (मुलीच्या मते ही निव्वळ सबब.) त्यात विजेच्या नव्या गाडीवरची ७,५०० डॉलरपर्यंतची करसवलतही ३० सप्टेंबर २०२५ ला संपली.

टोयोटाची सिएना २०२१ च्या मॉडेलपासून इथे फक्त हायब्रिडच मिळते. तिला प्लग नाही. ब्रेक लावला की मोटरच जनित्राचे काम करते, आणि एरवी ब्रेक तापवण्यात वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठते. सिग्नलवरून निघताना तीच कामी येते. म्हणून हायवेपेक्षा गावातल्या अडत-अडत जाण्यात हिचा फायदा अधिक. जुनी व्हॅन गॅलनला २० मैल देई, हिचा सरकारी आकडा ३६ आहे. वर्षाला १२,००० मैल धरले तर ६०० गॅलनच्या जागी ३३३. म्हणजे दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड कमी. पण ३३३ जळतातच, हे मुलगी विसरू देत नाही.

"आणि तुमच्या मक्याचं काय रे?" कोल्हापूरच्या मामेभावाने फोनवर विचारले. इथल्या बहुतेक गॅसमध्ये १० टक्के इथेनॉल असते, मुख्यतः मक्याचे. भारतात २०२५ मध्ये ते प्रमाण २० टक्क्यांवर गेले. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून त्याच्या जुन्या मोटारसायकलचे अ‍ॅव्हरेज उतरले आहे. तरी तो फारशी कुरकुर करत नाही, कारण उसाचे बिल कारखान्याकडून वेळेवर येण्याशी त्याला मतलब! मात्र डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले, तेव्हा तो महिनाभर चिंतेत होता. शेतात पिकवलेल्या इंधनाला पाऊसही हवा आणि पाणीही, हे आपल्याकडच्यांना सांगायला नको.

आमची दुसरी गाडी पुढच्या वर्षी बदलायची आहे. ती विजेचीच, असे मुलीला कबूल केले आहे. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे, त्यांनी जानेवारीत ती एका चार्जवर किती मैल जाते ते पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवावे. कंपनीचा आकडा नको, तुमचा हवा.