दौरा, घर आणि नाणेघाट

महिन्यातले आठ-दहा दिवस मी घराबाहेर असतो. नोकरी कारकुनाची आणि काम हिशेब तपासणीचे. तालुक्याच्या गावी जायचे, कीर्द-खतावणी उघडायची, पावतीपुस्तकांशी ताळमेळ घालायचा, फरक निघाला तर शेरा लिहायचा आणि पुढच्या गावाची गाडी धरायची. बी. कॉम. झालो तेव्हा वाटले होते की एका टेबलावर जन्म जाईल. पण वाट्याला आली ती एसटी, लॉजची खोली आणि पिशवीतला डबा.

आम्ही कल्याणला चाळीत राहतो. घरात आई, सहचारिणी, सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. लग्न उशिरा झाले, म्हणून चाळिशी उलटली तरी मुले लहान आहेत. सहचारिणी एका खाजगी दवाखान्यात मदतनीस आहे. तिची पाळी कधी सकाळची, कधी दुपारची. मी पहाटे निघतो तेव्हा मुले झोपलेली असतात आणि आठवड्याने परततो तेव्हाही बहुधा झोपलेलीच असतात. त्यात रविवारी वस्तीतल्या अभ्यासिकेचे काम, कुणाच्या जातीच्या दाखल्याचा अर्ज, कुणाच्या पेन्शनची फाईल, जयंतीची बैठक. लोक म्हणतात, "तुमच्यासारखी माणसे आहेत म्हणून वस्ती उभी आहे." हे ऐकायला बरे वाटते. मलाही वाटत होते.

गेल्या पावसाळ्यात मी जुन्नर तालुक्यात कामाला होतो. आतल्या गावात फोनला रेंज नव्हती. त्याच रात्री धाकट्याला ताप चढला आणि अंगाला झटके येऊ लागले. सहचारिणीने त्याला चादरीत गुंडाळले, शेजारच्या मावशींना हाक मारली आणि भर पावसात रिक्षा शोधत दोघी निघाल्या. सकाळी ओतूरच्या रस्त्यावर आलो तेव्हा फोनवर एकदम चौदा मिस्ड कॉल दिसले. तोवर ताप उतरला होता. मी गाडी धरायला धावलो, तर माळशेज घाटात दरड आल्याने वाहतूक बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो. मी हात पुढे केले, तर मुलगा माझ्याकडे आला नाही. मावशींच्या पदराला धरून उभा राहिला.

सहचारिणी रागावली नाही. ताट वाढता वाढता म्हणाली, "अहो, वस्तीतल्या तीस पोरांच्या वह्या तुम्ही तपासता. आपल्या पोरीची वही शेवटची कधी उघडली?" मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्याच्या खतावणीतला रुपयाचा फरक शोधणारा माणूस मी, पण घरच्या खात्यात किती वर्षे काही जमाच केले नव्हते, हे त्या दिवशी कळले.

मी ही गोष्ट बरोबरच्या कार्यकर्त्यांना सांगितली. एकजण म्हणाला, "बाबासाहेबांनी संसार बघत बसायचे ठरवले असते, तर आपण आज कुठे असतो?" हे वाक्य आपल्यात पुष्कळदा बोलले जाते. मीही बोललो आहे. पण त्या रात्रीनंतर ते माझ्या तोंडून निघेना. बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला आणि १९२० साली पुन्हा लंडनला गेले तेव्हा मुंबईतले घर रमाईंनी ओढले. चार लेकरे त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. २७ मे १९३५ रोजी त्याही गेल्या. पुढे १९४० साली 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ बाबासाहेबांनी रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला. आपल्यावरचे ऋण त्यांनी साऱ्या जगासमोर लिहून ठेवले. आपण कारकून माणसे त्या दु:खाचा दाखला देऊन मोकळे होतो, पण घरच्या बाईचे ऋण घरातसुद्धा मान्य करत नाही. रमाईंचे कष्ट सांगून आपल्या घरच्या रमाईला राबवायचे, हा न्याय नव्हे.

त्या हिवाळ्यात पुन्हा जुन्नरचा दौरा लागला. सोमवार ते शुक्रवार काम होते. मी सहचारिणीला म्हटले, "शुक्रवारी संध्याकाळी पोरांना घेऊन तिकडेच या. दोन दिवस एकत्र राहू. मी जातो तरी कुठे, ते पोरांना बघू दे." तिने शनिवारची रजा टाकली. एक दिवसाचा पगार गेला. खर्चाचा हिशेब मी वेगळ्या वहीत ठेवला. दौऱ्याच्या बिलात घरच्या माणसांचा एक रुपयाही जाता कामा नये. तसा खर्च फार झाला नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट आणि पाचच्या आतल्यांना तिकीटच नाही. परतीला आम्ही चार माणसे दोन तिकिटांत आलो.

शुक्रवारी रात्री जुन्नरच्या स्टँडवर मी त्यांची वाट बघत उभा होतो. एरवी वाट बघणारी ती असते. गाडी तासभर उशिरा आली. त्या एका तासात मनात काय काय येऊन गेले ते लिहीत नाही. ज्यांनी कुणाची वाट पाहिली आहे त्यांना ते सांगायला नको.

शनिवारी सकाळी लेण्याद्रीला गेलो. जुन्नरपासून पाचेक किलोमीटरवर कुकडीच्या पलीकडे हा डोंगर आहे. जुन्नरच्या भोवती शिवनेरी, तुळजा, मानमोडी आणि लेण्याद्री अशा डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत. लेण्याद्रीवर तीसेक आहेत. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. धाकटा निम्म्या पायऱ्या चालला आणि निम्म्या माझ्या खांद्यावर. सातव्या लेण्यात आज गिरिजात्मज गणपतीचे देऊळ आहे, त्यामुळे गर्दी तिकडे असते. मुळात तो भिक्खूंचा विहार आहे. मधे मोठे दालन, त्यात एकही खांब नाही आणि तीन बाजूंना राहण्याच्या कोठड्या. शेजारचे सहावे लेणे चैत्यगृह आहे. आत दोन्ही बाजूंना खांबांची रांग, टोकाला दगडात कोरलेला स्तूप. आम्ही चौघांनी तिथे वंदन केले.

त्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर ब्राह्मीत लेख आहे. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याने हे चैत्यगृह दान दिले, असा त्याचा अर्थ. हेरणिक म्हणजे सोनार किंवा खजिनदार. मुलीला हे सांगितले तर ती म्हणाली, "म्हणजे कल्याणची माणसे आपल्याआधीच इथे येऊन गेली?" होय, म्हटले, दोन हजार वर्षांपूर्वीच येऊन गेली. दान देताना मुलाने बापाची ओळख दगडात लिहिली, आणि बाप होता पैशाअडक्याचा हिशेब पाहणारा. मला ते वाचून बरे वाटले.

जुन्नरचे लेख हे राजांपेक्षा कष्टकऱ्यांचे आणि व्यापाऱ्यांचे अधिक आहेत. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात कोठड्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिली. पोढी म्हणजे खडकात खोदलेले टाके. बांबूकाम करणारे, काशाची भांडी घडवणारे यांच्याही श्रेण्या होत्या आणि त्यांच्याकडे दानाच्या ठेवी ठेवल्या जात. श्रेणी म्हणजे त्या काळची पतपेढीच म्हणा. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. ही सारी माणसे पोटासाठी फिरणारी. पाणी देणे हे सर्वांत मोठे दान, हे त्यांना पायपिटीनेच शिकवले असेल.

दुपारी पायऱ्यांवर बसून डबा खाताना सहचारिणीने विचारले, "भिक्खू तर सदा फिरत असायचे, मग एवढ्या कोठड्या कशाला?" मी वर्षावासाचे सांगितले. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने भिक्खूंनी फिरायचे नाही, एका जागी राहायचे, हा नियम. पावसात वाटा बंद होतात, शेतातली कोवळी पिके आणि किडामुंगी पायाखाली येते, म्हणून. सांगता सांगता माझा मीच थांबलो. ज्यांनी घर सोडले त्यांनाही थांबण्याचा नियम होता. आणि ज्याने घर मांडले आहे, त्याने मात्र बाराही महिने फिरायचे? ती काही बोलली नाही. फक्त माझ्याकडे बघून हसली.

रविवारी जीप ठरवून नाणेघाटाला गेलो. जुन्नरपासून तीसेक किलोमीटर. घाटघरच्या पुढे पठारावर गाडी थांबते. तिथून कड्याच्या चिरेत दगडी पायऱ्या उतरतात. हीच वाट खाली वैशाखऱ्याकडे, मुरबाडमार्गे कल्याण बंदराला जायची. वरच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असे लोक सांगतात. मुलगा त्यात डोकावून म्हणाला, "पप्पा, पैसे संपले."

थोडे खाली उतरले की डाव्या-उजव्या भिंतींवर लेख असलेली गुंफा लागते. सातवाहन राणी नागनिकेचा हा लेख आहे. त्यात यज्ञांची नावे आणि दक्षिणेची यादी आहे, गाई किती, घोडे किती, कार्षापण किती. आपल्याकडची अंकचिन्हे कशी बदलत गेली हे शोधणारे अभ्यासक या आकड्यांना फार मानतात. दक्षिणा कुणाला गेली हे आपण जाणतोच. जुन्नरच्या धान्यवाल्यांची पोढी आणि ही यादी शेजारी ठेवून पाहिली की दोन प्रकारचे दान समजते. पण आकडे पाहून माझ्यातला कारकून मात्र त्या भिंतीपुढे बराच वेळ रेंगाळला.

समोरच्या भिंतीत राजघराण्याच्या प्रतिमा होत्या. सिमुक, सातकर्णी, नागनिका, तिचे वडील म्हणून ओळखला जाणारा महारठी आणि कुमार. प्रतिमा आज नाहीत. वर नावे उरली आहेत आणि खाली कुणाकुणाच्या पावलांच्या खुणा. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांच्या वाटेवर राणीने आपले कुटुंब उभे केले होते. मुलीने मला सगळी नावे वाचायला लावली आणि विचारले, "यात मुलगी कुठली?" मी सांगितले, उरलेल्या नावांत मुलीचे नाव नाही. "मुलगी नव्हती का त्यांना?" म्हटले, असेलही, नाव लिहिले नसेल. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "आपल्या दाराच्या पाटीवर तुमचे एकट्याचेच नाव आहे."

खरेच होते. सहचारिणी तोंडावर पदर धरून हसली. मला मात्र हसू आले नाही.

परतीच्या गाडीत धाकटा माझ्या मांडीवर झोपला. माळशेज उतरताना अंधार झाला होता. त्या तीन तासांत आम्ही दोघांनी जेवढे बोललो तेवढे वर्षभरात बोललो नव्हतो. ती म्हणाली, "दौरा बंद करा असे मी म्हणत नाही. नोकरी आहे, भाकरी आहे. पण घरी आल्यावर तरी घरी या."

त्यावर आम्ही काही गोष्टी ठरवल्या. त्या इथे लिहितो, कारण आपल्या वाचकांत माझ्यासारखे पुष्कळ आहेत. कुणी ट्रकवर आहे, कुणी रेल्वेत, कुणी बांधकामाच्या ठेक्यावर परगावी.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर दौऱ्याचे दिवस मुलगी स्वत: लाल पेन्सिलीने रंगवते. पप्पा कधी येणार हे तिला कुणाला विचारावे लागत नाही. रात्री आठला फोन करायचा, आणि रेंज नसलेल्या गावी जाण्याआधी तिथल्या कुणाचा तरी नंबर घरी देऊन जायचा. तापाचे औषध, डॉक्टरांचा पत्ता आणि सुटे पाचशे रुपये एका डब्यात कायम ठेवायचे. त्याची जागा आईला आणि मावशींनाही माहीत असली पाहिजे. दौऱ्यावरून आल्यावरचा पहिला रविवार घरचा. त्या दिवशी बैठक नाही, भाषण नाही. भाजी आणणे, कपडे धुणे, मुलांना न्हाऊ घालणे ही कामे माझी. आम्ही त्या रविवाराला गमतीने "पप्पांचा वर्षावास" म्हणतो.

कार्यालयात साहेबांना विनंती केली की पावसाळ्यात घाटापलीकडचे दौरे कमी द्यावेत. निम्मी मान्य झाली. एका सहकाऱ्याशी महिने अदलाबदल केले, त्याच्या मुलीच्या परीक्षेच्या महिन्यात मी जातो. अभ्यासिकेचे काम सुटले नाही. आता ते आम्ही तिघांनी वाटून घेतले आहे आणि महिन्यातून एका रविवारी सहचारिणी तिथे आजारपणात घ्यायच्या काळजीबद्दल बोलते. माझ्यापेक्षा तिच्या वेळेला गर्दी जास्त असते.

सगळे सुरळीत झाले असे नाही. मागच्याच महिन्यात घरचा रविवार एका मयतीत गेला आणि त्याच्या पुढचा एका मोर्चात. मुलीने कॅलेंडरवर ते दोन्ही दिवस लाल केले. मी म्हटले, "अगं, हे दौऱ्याचे नाहीत." ती म्हणाली, "तुम्ही नव्हता ना?" हिशेब तिचा बरोबर होता. मी त्यावर सही केली.

दाराची पाटी मात्र बदलली आहे. आता तिच्यावर पाच नावे आहेत. पाटी रंगवणाऱ्याने जास्तीच्या अक्षरांचे दीडशे रुपये घेतले. पहिले नाव आईचे आहे.