वाटणीत न आलेला महाल

बुवापाड्यातील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी गेल्या नाताळच्या सुट्टीत एकच विषय आठवडाभर चालला होता. पाच नातवंडांना राजवाडा दाखवावयाचा होता. कोणता, ते ठरत नव्हते. थोरली नात अकरा वर्षांची, सर्वांत धाकटा नातू तीन वर्षांचा. अंबरनाथचे शिवमंदिर मुलांनी अनेकदा पाहिले होते. शके ९८२ मधील, म्हणजे साडेनऊशे वर्षांहून जुनी ती वास्तू. परंतु मुलांचे म्हणणे ठाम होते. "ते देवाचे घर. आम्हाला राजाचे घर पाहायचे आहे."

मोठ्यांच्या मनात मात्र दुसरीच गोष्ट होती. धाकट्या मुलाने वेगळे होण्याची इच्छा बोलून दाखविली होती आणि संक्रांतीनंतर दुकानाची वाटणी करावी, असे ठरले होते. रस्त्याकडचा गाळा कोणाकडे जावा, यावर दोघा भावांचे एकमत होत नव्हते. चूल अजून एकच होती. पण ताटावरचे बोलणे कमी झाले होते. दोन्ही सुना एकमेकींशी जपून बोलत. अशा वेळी आजी म्हणाल्या, "वाटणी व्हायची ती होईल. त्याआधी एकदा सगळे मिळून कुठेतरी जाऊ. नंतर गेलो, तर डबेसुद्धा दोन होतील."

आजोबांनी आपल्या सवयीप्रमाणे वहीचे एक पान उघडले. डाव्या बाजूस ठिकाणांची नावे, उजव्या बाजूस अडचणी. लहान मुलांना घेऊन राजवाडा पाहावयाचा, म्हणजे केवळ वास्तूची भव्यता पाहून भागत नाही. एका दिवसात जाऊन परत येता यावे, वाटेत मुलांना गाडी लागू नये, धावावयास मोकळी जागा असावी, जिने आणि कठडे धोक्याचे नसावेत, स्वच्छतागृह जवळ असावे. शिवाय आजी-आजोबांचा चौविहार. संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी कोठे व्हावयाचे, हेही आधीच ठरावयास हवे. चातुर्मास संपलेला असल्याने प्रवासाची अडचण नव्हती.

पहिले नाव आले जव्हारचे. मुकणे राजघराण्याचा जयविलास राजवाडा ठाणे-पालघरच्या माणसाला आपलाच वाटतो. पण तेथे रेल्वे नाही, आणि डोंगरातला वळणांचा रस्ता तीन वर्षांच्या मुलाला सोसण्यासारखा नव्हता. बडोद्याचा लक्ष्मीविलास आणि कोल्हापूरचा नवा राजवाडा ही नावे थोरल्या मुलाने सुचविली. दोन्ही वैभवशाली, पण दोन्हींसाठी रात्रीचा मुक्काम हवा. मग पुण्याचा शनिवारवाडा. १० जानेवारी १७३० रोजी पायाभरणी, १७३२ साली वास्तुशांत आणि खर्च १६,११० रुपये. हा आकडा आजोबांना पाठ होता. त्या काळच्या जमाखर्चाचा त्यांना मोठा आदर वाटे. परंतु १८२८ सालच्या आगीत आतला वाडा जळून गेला. आज तटबंदी, दरवाजे आणि जोती उरली आहेत. मोठा माणूस जोत्यावर उभा राहून मनात महाल उभारू शकतो; पाच वर्षांच्या मुलाला तेथे दगडच दिसतात. आणि गोष्ट सांगावयाची म्हटली, तर ती तेथे १७७३ साली झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाची. काका-पुतण्यांच्या वैराची ती कथा त्या आठवड्यात त्या घरात कोणालाच सांगावीशी वाटली नाही.

शेवटी धाकटी सून हळूच म्हणाली, "आगाखान पॅलेस पाहिला तर? मी शाळेत असताना गेले होते. मोठी बाग आहे." सर्व अडचणी एकेक करून तपासल्या गेल्या. कल्याणहून पुण्यास थेट गाडी, पुणे स्थानकाजवळून मेट्रो, पुढे थोडे रिक्षाने. सावली, हिरवळ, कमानींचे रुंद व्हरांडे. उजव्या बाजूचा रकाना जवळजवळ कोरा राहिला. आजोबांनी त्या नावाभोवती वर्तुळ काढले.

निघण्याच्या दिवशी अंबरनाथहून लोकलने उलटे कल्याण गाठावे लागले. पुण्याची गाडी सुटली आणि थोड्याच वेळात, उजाडण्यापूर्वीच्या अंधुक प्रकाशात, आपलेच अंबरनाथ स्थानक न थांबता मागे जाताना पाहून मुलांना फार गंमत वाटली. तेव्हा आजोबांनी सांगितले की, ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे गांधीजींना मुंबईत अटक झाली आणि विशेष गाडीने याच मार्गावरून पुण्याकडे नेण्यात आले. त्यांना चिंचवडला उतरवून घेतले आणि आज आपण पाहणार आहोत त्या महालात ठेवले. ज्या रुळांवरून ही मुले रोज गाड्या जाताना पाहत, त्यांवरून ती गाडीही गेली होती. नातू खिडकीला नाक लावून कितीतरी वेळ रुळांकडे पाहत राहिला.

लोणावळ्याच्या सुमारास आजींची नवकारशीची वेळ झाली. त्यांनी नवकार म्हणून उकळलेले पाणी घेतले, तेव्हा दोन्ही सुनांनी आपापले डबे उघडले. आजींनी घरी सांगितल्याप्रमाणे दोघींनी मिळून एकच स्वयंपाक करावयाचा होता. पण पहाटेच्या घाईत दोघींनीही मेथीचे ठेपले केले होते. दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. कित्येक दिवसांनी त्या घरात तसे हसू झाले.

महालाच्या प्रशस्त आवारात पोहोचताच मुले हिरवळीवर धावत सुटली. पहिला अर्धा तास त्यांना कोणी काही सांगितले नाही, हे बरे झाले. लहान मुलांना आधी पायांनी वास्तू पाहू द्यावी, कानांनी नंतर. दमून ती सावलीत आल्यावर थोरल्या नातीनेच पहिला प्रश्न विचारला, "राजा कुठे बसायचा?"

तेव्हा आजोबांना सांगावे लागले की, हा महाल सिंहासनासाठी उभारलेला नाही. इस्माईली पंथाचे प्रमुख सुलतान महंमद शाह, म्हणजे तिसरे आगाखान, यांनी १८९२ साली तो उभारला. परिसरातील दुष्काळाने गांजलेल्या लोकांना काम मिळावे, हा त्यामागील हेतू होता. फुकट धान्य वाटले असते, तर घेणाऱ्याची मान खाली गेली असती. मजुरी दिली, तर त्याने ती ताठ मानेने घरी नेली. दान कसे द्यावे, हे व्यापारी घरातील मुलांना याहून सोप्या रीतीने सांगणे कठीण.

आतील दालनांत गांधीजींच्या जीवनातील प्रसंगांची चित्रे आणि त्यांच्या वापरातील साध्या वस्तू आहेत. "कैद्याला एवढ्या मोठ्या घरात ठेवतात?" नऊ वर्षांच्या नातवाला नवल वाटले. आजोबा म्हणाले, "तेव्हा भोवती तारेचे कुंपण होते, पहारा होता. ज्या घराचे दार आपल्याला उघडता येत नाही, ते केवढेही असले तरी तुरुंगच." दोन्ही मुलगे मागेच उभे होते. कोणी काही बोलले नाही.

याच ठिकाणी गांधीजींनी १० फेब्रुवारी १९४३ पासून एकवीस दिवसांचा उपवास केला. पर्युषणात आजींनी अठ्ठाई केली होती, ती मुलांनी पाहिली होती. "दादीजी, तुमचे आठच, त्यांचे एकवीस," नातू म्हणाला. आजी हसल्या. "त्यांच्या उपवासाची रीत निराळी होती. आणि उपवास मोजून लहानमोठा होत नसतो, बेटा. मन किती हलके झाले, ते पाहायचे." १८८८ साली विलायतेस जाण्यापूर्वी मांस, मदिरा आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा गांधीजींनी आईपुढे केली, ती बेचरजी स्वामी या जैन मुनींनी त्यांना दिली होती, हेही आजींनी आवर्जून सांगितले. आपल्या घरातील पच्चक्खाण आणि पुस्तकातला इतिहास यांत एवढे जवळचे नाते असेल, हे मुलांना ठाऊक नव्हते.

मागील बाजूस दोन समाध्या आहेत. महादेवभाई देसाई अटकेनंतर अवघ्या सहा दिवसांनी, १५ ऑगस्ट १९४२ रोजी येथेच गेले. त्यांचे जन्मसालही १८९२, या महालाचेच. कस्तुरबांनी २२ फेब्रुवारी १९४४ रोजी येथेच देह ठेवला. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी त्यांना अखेरच्या वेळी नेसविण्यात आली. बासष्ट वर्षांच्या संसारानंतर पतीने दिलेले ते वस्त्र. आयुष्यभर कापडाच्या गाठी सोडलेल्या आजोबांचा आवाज हे सांगताना थोडा दाटला. आजींनी पदर सावरला आणि समाधीपुढे हात जोडले.

तेवढ्यात सात वर्षांच्या नातवाने विचारले, "दादाजी, मग हा महाल वाटणीत कोणाला आला?"

घरातील मोठ्यांचे बोलणे मुले ऐकत नसतात, हा आपला समज किती भाबडा असतो! थोरला मुलगा जमिनीकडे पाहू लागला. धाकटा बुटांची नाडी बांधण्यास वाकला. आजोबा क्षणभर थांबले आणि सांगू लागले. "कोणालाच नाही. ज्यांनी बांधला, त्यांच्या नातवाने, चौथ्या आगाखानांनी, १९६९ साली तो गांधीजींच्या स्मरणार्थ देशाला देऊन टाकला. गांधीजींच्या जन्मशताब्दीचे ते वर्ष. ज्यांनी हा महाल बांधला, त्यांची कबर दूर इजिप्तमध्ये आस्वान येथे आहे. आणि येथे समाध्या आहेत त्या, ज्यांना कैदी म्हणून आणले त्यांच्या."

"म्हणजे देऊन टाकला म्हणून आपण पाहू शकलो?"

"होय."

अपरिग्रहावर आपण अनेक व्याख्याने ऐकतो. त्या दुपारी त्या घराला तो एका मुलाच्या प्रश्नातून ऐकावयास मिळाला. त्यावर कोणी उपदेश केला नाही, हेच योग्य झाले.

पाच वाजता बागेबाहेर एका शांत जागी बसून सर्वांनी सूर्यास्तापूर्वीचे जेवण उरकले. परतीच्या गाडीत मुले एकमेकांच्या अंगावर झोपली. कोणाचे मूल कोणाच्या मांडीवर आहे, याचा हिशेब राहिला नाही. कर्जत मागे पडल्यावर थोरला भाऊ खिडकीबाहेर पाहतच म्हणाला, "रस्त्याकडचा गाळा तू घे. तुला नव्याने बसायचे आहे; गिऱ्हाईक दिसायला हवे." बराच वेळ धाकट्याने उत्तर दिले नाही. मग म्हणाला, "दुकानाचे नाव मात्र तुमच्याकडेच राहू दे. मी नवे घेईन."

संक्रांतीनंतर ठरल्याप्रमाणे वाटणी झाली. एका सहलीने ती टळली नाही आणि टळावी अशी अपेक्षाही नव्हती. मुले मोठी होतात, घरे वेगळी होतात. तो संसाराचा क्रमच आहे. पण कागदावर सह्या करावयास दोघे भाऊ एकाच रिक्षाने गेले, आणि परत येताना मुलांसाठी तिळाच्या वड्या घेऊन आले.

त्या रात्री आजोबांनी हिशेब मिटवताना सहलीचे पान काढले. भाडे, तिकिटे, मेट्रो, रिक्षा, मुलांची फळे. "हा खर्च कोणाच्या नावे टाकू?" दोघांनीही एकदमच म्हटले, "माझ्या." आजोबांनी चष्मा पुसला, लेखणी उचलली आणि रकमेपुढे लिहिले: घरखर्च, सामाईक.