पेशीतल्या पाठराखिणी

नवी नवरी प्रथम सासरी जाते तेव्हा तिच्याबरोबर पाठराखीण धाडण्याची आपली जुनी रीत आहे. परक्या घरी मुलगी बावरू नये, तिचा पाय तेथे नीट रुळावा, एवढ्यासाठी ही जाणती बाई चार दिवस तिच्या पाठीशी उभी असते. आपल्या देहातील प्रत्येक पेशीत अशा पाठराखिणी रात्रंदिवस राबत असतात, हे आम्ही प्रथम वाचले तेव्हा निर्मात्याच्या योजनेपुढे आमची मान आपोआप लवली.

पेशीचे बहुतेक काम प्रथिने करतात. प्रथिन तयार होते ते लांब धाग्याच्या रूपात. त्याची घडी योग्य पडली तरच ते उपयोगी. घडी चुकली की गुंता होतो, आणि असे गुंते एकमेकांस चिकटून पेशीचा कोंडमारा करतात. फळमाशीच्या पेशींस नेहमीपेक्षा अधिक उष्णता लागली असता त्यांची काही विशिष्ट जनुके एकाएकी जागी होतात, हे इटलीतील फेरुच्चो रितोसा या शास्त्रज्ञाने १९६२ साली प्रसिद्ध केले. त्या जनुकांपासून होणारी अनेक प्रथिने म्हणजेच या पाठराखिणी, असे पुढे कळून आले. बिघडलेली घडी उलगडून पुन्हा घालणे, जे सुधारणारच नाही ते मोडीत काढण्यास लावून देणे, हे त्यांचे काम. संकट उष्णतेचे असो, विषाचे असो वा उपजत दोषाचे असो, पेशी त्यांना हाक मारते.

उपजत दोषाचे एक दारुण उदाहरण म्हणजे हंटिंग्टनचा रोग. १८७२ साली जॉर्ज हंटिंग्टन या अवघ्या २२ वर्षांच्या अमेरिकन डॉक्टरने त्याचे वर्णन केले. त्याचे वडील व आजोबा ज्या गावी डॉक्टरकी करीत, तेथील काही घराण्यांत हा रोग पिढ्यानपिढ्या चालत आला होता. रोग्याचे हातपाय आपोआप वेडेवाकडे हलतात, स्वभाव पालटतो, बुद्धी मंदावते, आणि अखेरीस घास गिळणेही कठीण होते. आई किंवा बाप यांच्याकडे सदोष जनुक असेल, तर प्रत्येक अपत्यास ते मिळण्याची शक्यता निम्मी. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. त्या जनुकात तीन रासायनिक अक्षरांचा एक शब्द पुन्हापुन्हा येतो. तो ३५ वेळांपर्यंत आला तर रोग होत नाही. ४० वा अधिक वेळा आला तर आयुष्यात केव्हातरी रोग गाठतोच.

दोष गर्भापासूनचा, तरी रोग बहुधा ३० ते ५० या वयात प्रकट होतो. मधली सारी वर्षे मेंदूतील पेशी स्वस्थ बसलेल्या नसतात. त्या पाठराखिणींना बोलावीत असतात, गुंते उपशीत असतात. परंतु मेंदूच्या पेशी इतर पुष्कळ पेशींप्रमाणे दुभंगून नव्या होत नाहीत, म्हणून साचलेला गाळ वाटूनही टाकता येत नाही; आणि वय वाढते तसतशी पाठराखिणींची शक्ती क्षीण होत जाते. रोग उशिरा प्रकट होण्याचे हे एक कारण असावे, असे शास्त्रज्ञ मानतात.

वाचकहो, संकटात पेशी हाक मारते. आपली कुटुंबे मात्र कित्येकदा दार लावून घेतात. पाहुणा आला की मागल्या खोलीची कडी घातली जाते, अशी घरे आम्ही पाहिली आहेत. सोयरीक मोडेल हे भय, आणि घराण्यास शाप आहे ही कुजबूज. जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा प्रभू येशूने त्याचेही नाही व त्याच्या आईबापांचेही नाही असे सांगितले, याची अशा वेळी आठवण कोणास होत नाही.

उलट व्हेनेझुएलातील माराकायबो सरोवराकाठच्या गरीब कोळी वस्त्या पाहा. तेथे या रोगाने घरेच्या घरे ग्रासली आहेत. ज्यांच्या मातेस हाच रोग होता त्या डॉ. नॅन्सी वेक्सलर १९७९ सालापासून सहकाऱ्यांसह तेथे जाऊ लागल्या. त्या कुटुंबांनी आपले रक्त तपासणीस दिले. त्याच्याच साहाय्याने १९८३ साली जनुकाचे ठिकाण चौथ्या गुणसूत्रावर ठरले व १९९३ साली प्रत्यक्ष जनुक सापडले. १८ मे २०१७ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी या रोगाने पीडित कुटुंबांची व्हॅटिकनमध्ये भेट घेतली. त्यांत दक्षिण अमेरिकेतील कुटुंबेही होती. हा रोग यापुढे लपवला जाऊ नये, असाच त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

रोग समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. अंगाची अनावर हालचाल कमी करणारी औषधे आहेत. आपल्या देशातही हा रोग आढळतो. घरात तशी लक्षणे दिसल्यास मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे जावे. ज्यास अद्याप लक्षणे नाहीत त्याने जनुकाची तपासणी करावी की नाही, हे त्याने सज्ञान झाल्यावर, जाणत्यांचा सल्ला घेऊन, स्वतः ठरवावे. कोणी त्याच्यावर बळजबरी करू नये.

आणि आपण शेजाऱ्यांनी? रोग्यास भरवणारी पत्नी दहा-दहा वर्षे उंबरठ्याबाहेर पडत नाही. रविवारी तिला मिस्सेला जाता यावे म्हणून एक तास तिच्या घरी बसणे तरी आपणांस साधेल. थकलेल्या पाठराखिणीलाही पाठराखीण लागते. ती होण्याची बुद्धी प्रभू आपणां सर्वांस देवो.